गोल्ड क्राउनच्या कैवाऱ्यांस उत्तर

अमेरिकेतील ब्रन्स्विक कंपनीने १९६१ साली गोल्ड क्राउन या नावाचे जे नऊ फुटी पूल टेबल बाजारात आणले, आणि ज्याच्या नावापुढे एकामागून एक रोमन अंक चढवीत ती कंपनी सहाव्या आवृत्तीपर्यंत येऊन पोहोचली, त्या टेबलाची घडण जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा तेव्हा त्या खेळाच्या जाणकारांत एकच फिर्याद नव्याने दाखल झालेली आहे : पहिले टेबल तेवढे अस्सल, दुसरे आणि तिसरे त्याच्या पुण्याईवर तरलेले, आणि त्यापुढची सर्व म्हणजे प्रतिष्ठित नावाखाली खपविलेला दिवाणखान्याचा सरंजाम. फिर्याद करणारी मंडळी उपेक्षणीय नाहीत. त्यांतील काहींनी उभे आयुष्य या टेबलांवर खेळण्यात घालविले आहे, काहींनी हॉल चालविले आहेत, आणि काहींनी बंद पडलेल्या हॉलांतून जुनी टेबले हुडकून, त्यांचे सुटे भाग गोळा करून, ती पुन्हा उभी करण्यात पदरचे पैसे आणि सुट्टीचे दिवस खर्ची घातले आहेत. अशा लोकांचा शब्द सहज डावलता येत नाही, आणि म्हणूनच त्यांचा दावा कलमवार तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कारण माझ्या मते तो दावा भलत्याच मालमत्तेवर लावलेला आहे, आणि खरी मालमत्ता ज्या वाटेने हातची जाऊ शकते त्या वाटेवर या पहारेकऱ्यांपैकी फारच थोडे उभे आहेत.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे हा न्याय आहे. तो म्हणतो की, पहिल्या गोल्ड क्राउनचे धातूचे ओतीव कोपरे, त्याच्या कडांवरील गुळगुळीत लॅमिनेट, कडेतच बसविलेली गुण मोजण्याची सोय, पॉकेटात पडलेला प्रत्येक बॉल टेबलाच्या पोटातून गडगडत पायथ्याच्या पेटीत आणून सोडणारी पन्हळ, या सर्वांत एक युगाचा ठसा होता. हे टेबल हॉलमध्ये दिवसरात्र राबण्यासाठी जन्माला आले होते आणि ते तसे दिसतही असे. पुढच्या घडणींत कोपऱ्यांचे वळण बदलले, बाजूच्या पडद्यांचे रूप बदलले, लाकडाच्या छटांची निवड गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोपविली गेली, आणि हळूहळू जे यंत्र होते ते फर्निचर झाले. या युक्तिवादाला एक भावनिक सामर्थ्य आहे हे मी नाकारीत नाही. ज्या खोलीत माणूस तरुणपणी हरला आणि जिंकला, त्या खोलीतील वस्तूंचा आकार त्याला निसर्गनियमासारखा वाटू लागतो. परंतु भावनेची सत्यता आणि दाव्याची सत्यता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि पहिलीवर दुसरीचा निकाल देता येत नाही.

मराठी वाचकाच्या सोयीसाठी येथेच एक खुलासा करून ठेवतो. आपल्याकडे जिमखान्यांतून आणि जुन्या क्लबांतून जे भव्य टेबल दिसते ते बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, म्हणजे इंग्रजी बिलियर्ड्स आणि स्नूकरचे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास जागतिक हौशी बिलियर्ड्सचे अजिंक्यपद मिळविले ते त्या जातीच्या टेबलावर. अमेरिकन पूलचे टेबल त्याहून लहान, त्याची पॉकेटे सरळ कापलेल्या तोंडांची, आणि बॉल सव्वादोन इंच व्यासाचा, म्हणजे स्नूकरच्या बॉलपेक्षा मोठा. नऊ फुटी टेबलाचे प्रत्यक्ष खेळण्याचे क्षेत्र १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. अमेरिकेतील पूल हॉलची वहिवाट, तेथील पैजा, तेथील बदनामी आणि तेथील आख्यायिका या सर्वांचे अधिष्ठान हे टेबल आहे, आणि गोल्ड क्राउनचा वाद समजून घ्यावयाचा तर त्याच भूमीवर राहून समजून घेतला पाहिजे.

आता पहिला मुद्दा. ज्या टेबलाला मूळ मानून पुढच्या सर्व घडणींना भ्रष्ट ठरविले जाते, ते टेबल स्वतःच एका मोठ्या मोडतोडीतून निर्माण झालेले होते. ब्रन्स्विकचा कारखाना हा काही १९६१ साली उघडलेला नव्हे. स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेला जॉन मोझेस ब्रन्स्विक हा गाड्या बनविणारा कारागीर. त्याने सिनसिनाटी येथे १८४५ साली आपले पहिले बिलियर्ड टेबल तयार केले, आणि पुढे १८८४ मध्ये प्रतिस्पर्धी कारखान्यांशी एकत्र येऊन ब्रन्स्विक-बाल्के-कॉलेंडर ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. या घराण्याच्या एकोणिसाव्या शतकातील टेबलांकडे पाहावे. मोनार्क या नावाच्या त्यांच्या प्रसिद्ध टेबलाला ओतीव लोखंडाचे सिंहाकृती पाय होते, आणि त्या काळच्या अन्य टेबलांवर निरनिराळ्या लाकडांचे जडावकाम इतके दाट असे की त्यावर क्यू टेकविण्यासही संकोच वाटावा. नंतर साध्या, चौकोनी, जाड लाकडाच्या घडणीचा काळ आला. १९४५ साली कंपनीची शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा तिने अ‍ॅनिव्हर्सरी हे टेबल काढले, आणि गोल्ड क्राउन आले ते त्याच्या नंतरच्या पिढीत. सिंहाचे पाय ज्यांना प्रिय होते त्यांच्या दृष्टीने लॅमिनेटचा पत्रा चढविलेली, धातूच्या कोपऱ्यांची ही चकचकीत वस्तू म्हणजे परंपरेचा उघड अपमानच ठरला असता. आज जे लॅमिनेट पावित्र्याचे चिन्ह म्हणून मिरविले जाते, ते १९६१ साली उपाहारगृहाच्या काउंटरावर आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसविले जाणारे स्वस्त, टिकाऊ आणि ओल्या फडक्याने पुसून निघणारे द्रव्य होते; आणि ते टेबलाच्या कडेवर आले ते अगदी याच गुणांमुळे, कारण हॉलमधील कडेला सिगारेटची राख, सांडलेले पेय आणि खडूची भुकटी यांच्याशी रोज सामना करावा लागे.

हे टेबल त्या विशिष्ट वर्षी तसे का झाले याचीही कारणे आहेत, आणि ती निव्वळ कलेच्या क्षेत्रातील नाहीत. स्वयंचलित यंत्राने पिना उभ्या करण्याची सोय झाल्यापासून १९५०च्या दशकात बोलिंगचा धंदा अमेरिकेत अफाट वाढला होता, त्यात ब्रन्स्विकचा वाटा मोठा होता, आणि १९६० साली कंपनीने जुने लांबलचक नाव टाकून ब्रन्स्विक कॉर्पोरेशन हे सुटसुटीत नाव धारण केले. बोलिंगच्या दालनांत बायकामुलांसह कुटुंबे येत. पूल हॉलात मात्र सभ्य घरातील मुलाने पाऊल टाकू नये अशी समजूत रूढ होती. ही समजूत किती खोल होती हे पाहावयाचे असेल तर १९५७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेले ‘द म्युझिक मॅन’ हे संगीतक आठवावे, ज्यात गावात पूल टेबल आले म्हणजे तरुण पिढी बिघडलीच असे पटवून देऊन एक भामटा आपला माल खपवितो. आणि गोल्ड क्राउनच्याच वर्षी, १९६१ मध्ये, वॉल्टर टेव्हिसच्या कादंबरीवरून ‘द हसलर’ हा चित्रपट पडद्यावर आला, त्याचे बरेचसे चित्रण न्यूयॉर्कच्या एका खऱ्याखुऱ्या हॉलात झाले, आणि त्यातील काळोख, धूर आणि जुगार यांनी बदनामी कायम ठेवूनही त्या खेळाला नवे वेड लावले. अशा मुहूर्तावर कंपनीला हवे होते ते स्वच्छ, उजळ, आधुनिक दिसणारे, नव्या उपनगरांतील प्रकाशमान दालनात शोभणारे टेबल. म्हणजे ज्याला आज कैवारी मंडळी हॉलच्या रांगड्या आत्म्याचे प्रतीक मानतात, ते त्या रांगड्या आत्म्याला नवे कपडे घालण्यासाठीच घडविले गेले होते. गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी रूप बदलणे हा जर अपराध असेल, तर त्या अपराधातील पहिला आरोपी गोल्ड क्राउन पहिला हाच आहे.

परंतु हा मुद्दा निव्वळ इतिहासाचा झाला, आणि प्रतिपक्ष असे म्हणू शकेल की उगम कसाही असो, जे निर्माण झाले ते उत्तम होते आणि जे पुढे आले ते उणे आहे. म्हणून टेबलाचे उत्तमपण कोठे वसते याचा शोध घेणे भाग आहे. आणि या ठिकाणी मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण संपूर्ण वादाची किल्ली येथे आहे.

पूल टेबलाच्या गाभ्याशी दगड असतो. लाकडाच्या पाटाऐवजी स्लेट वापरण्याची युक्ती इंग्लंडातील जॉन थर्स्टन याने १८२६च्या सुमारास रूढ केली, आणि त्यानंतर या व्यवसायात तिला खरा प्रतिस्पर्धी लाभलेला नाही. नऊ फुटी टेबलात साधारणतः एक इंच जाडीच्या तीन स्लेटा चौकटीवर एकमेकींस भिडवून ठेवतात, त्यांना स्क्रूने आवळतात, सांधे मेणाने किंवा लांबीने भरून खरवडून एकसंध करतात, आणि मग त्यावर कापड ताणून स्लेटखाली चिकटविलेल्या लाकडी पट्टीत ते पिनांनी जखडतात. जागतिक पूल संघटनेच्या नियमांप्रमाणे हे पृष्ठ लांबीत इंचाच्या ५०व्या आणि रुंदीत १००व्या हिश्श्याहून अधिक उंचसखल असता कामा नये. त्यानंतर येतात कडा. त्यांच्या लाकडावर चिकटविलेल्या रबराची धार बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के उंचीवर, एक टक्का इकडेतिकडे, असली पाहिजे. ती खाली उतरली तर वेगाने आदळलेला बॉल उसळतो, वर चढली तर तो कापडात दाबला जाऊन मरतो. कडा खालून बोल्टांनी स्लेटशी आवळलेल्या असतात, आणि त्यांतील एखादा बोल्ट जरी सैल असला तरी त्या जागी कुशन बहिरे होते व खेळाडूचा सारा हिशेब कोलमडतो. रबराच्या आकृतीही एक नव्हेत. के-६६ आणि के-५५ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन आकृतींसाठी पाठीमागच्या लाकडाचा कोन आणि उंची निरनिराळी धरावी लागते, आणि एकीचे लाकूड असता दुसरीचे रबर लावण्याचा आळस केला की टेबल कायमचे बिघडते. शेवटी पॉकेट : कोपऱ्याच्या पॉकेटाचे तोंड नियमाने साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी ठेवले तर जेमतेम मावतील एवढे, आणि त्याच्या दोन्ही गालांचा कोन असा की चुकलेला बॉल आत घुटमळून परत यावा.

या साऱ्या वर्णनात धातूच्या कोपऱ्यांचे वळण कोठे आले? बाजूच्या पडद्याचा रंग कोठे आला? तो पडदा काढून बाजूला ठेवला तरी खेळ तसूभर बदलत नाही, आणि कडेखालचे बोल्ट आवळावयाचे तर मिस्त्री मुळी आरंभच तो पडदा उतरविण्यापासून करतो. ज्या घटकांचा उल्लेख फिर्यादीत सर्वांत आधी आणि सर्वांत आवेशाने होतो, ते नेमके खेळाशी सर्वांत कमी संबंध असलेले घटक आहेत. आणि ज्या घटकांवर खेळ उभा आहे त्यांच्याविषयीची कैफियत इतकी मोघम असते की, कुशनची उंची मोजली काय, स्लेटचा सांधा तपासला काय, असे विचारताच संभाषण पुन्हा कोपऱ्यांच्या सौंदर्याकडे वळते.

यावर एक चतुर उत्तर दिले जाते. जुन्या टेबलावर खेळून पाहा, त्याचा हात निराळा लागतो, असे जाणकार सांगतात, आणि तो निराळा लागतो हे खरेच आहे. पण आज कोणी एखाद्या हौशी माणसाच्या तळघरात गोल्ड क्राउन पहिल्यावर खेळतो तेव्हा तो १९६१ सालच्या कशावर खेळत असतो? रबर कालांतराने कडक होते, म्हणून कुशन बदललेले असते. कापड तर कित्येकदा बदललेले असते, आणि जुन्या लव असलेल्या, मंद कापडाच्या जागी आता बेल्जममधील सिमोनिससारख्या गिरणीचे पिळदार सुताचे, लव नसलेले, वेगवान कापड ताणलेले असते, ज्याने या खेळाचे स्वरूप कोणत्याही कोपऱ्यापेक्षा शतपटीने अधिक पालटून टाकले. बॉल फेनॉलिक राळेचे, तेही बहुधा बेल्जममध्येच ओतलेले. आणि पॉकेटे जुन्या मापाची सैल वाटतात म्हणून हेच निष्ठावंत लोक गालांत जाड पट्ट्या घालून, किंवा कडेच्या लाकडाला जोड देऊन, ती आजच्या स्पर्धांच्या मापास आणून ठेवतात. तबल्याची पुडी, वाद्या आणि शाई नवी, फक्त खोड आजोबांच्या काळचे, आणि बोल उत्तम उमटला की श्रेय खोडावरच्या रोगणाला द्यावे, तसला हा प्रकार आहे. चौकट जुनी आणि भक्कम आहे याचे मोल मी कमी लेखीत नाही. पण जे उत्तम वाजते आहे त्यातील बहुतेक भाग बदललेला आहे, आणि तो बदल करणारे हात मूळ घडणीच्या अविनाशित्वाचे पोवाडे गाणाऱ्यांचेच आहेत.

गुण मोजण्याच्या सोयीविषयीही असाच घोटाळा आहे. पूर्वीच्या टेबलाच्या कडेत ती सोय होती आणि पुढे ती लोप पावली याचे दुःख मी अनेकांच्या तोंडून ऐकले. परंतु ती मुळात होती कशासाठी? त्या काळी प्रतिष्ठेचा खेळ होता तो स्ट्रेट पूल, ज्यात कोणताही बॉल आधी सांगून मारावयाचा, प्रत्येक बॉलास एक गुण, चौदा बॉल संपले की पंधरावा तेथेच ठेवून बाकीचे पुन्हा त्रिकोणात रचावयाचे, आणि १२५ किंवा १५० गुणांपर्यंत डाव चालवावयाचा. अशा खेळात कडेवरील मोजणी ही खरीच निकड होती, आणि बॉल आपोआप पायथ्याशी आणून देणारी पन्हळही तितकीच उपकारक होती. पुढे स्पर्धांतून आणि पैजांतून नाइन-बॉलने स्ट्रेट पूलला मागे सारले. नाइन-बॉलमध्ये मोजावयाचे ते जिंकलेले डाव, आणि ते सात, नऊ, अकरा असे बोटांवर मावणारे. खेळ बदलला म्हणून हत्यार बदलले. ज्यांना स्ट्रेट पूल मागे पडल्याचा शोक आहे त्यांच्याशी मी सहमत आहे, कारण तो अधिक बुद्धीचा आणि अधिक संयमाचा खेळ होता असे मलाही वाटते. परंतु त्या शोकाचे खापर टेबलाच्या आराखडाकारावर फोडणे गैर आहे.

आणि स्ट्रेट पूलच्या गतवैभवाची साक्ष काढावयाची तर ती पुरती काढावी. विली मॉस्कोनी याने ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे १९ मार्च १९५४ रोजी एकही बॉल न चुकता सलग ५२६ बॉल पाडले, आणि हा उच्चांक साठ वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. ते टेबल नऊ फुटी नव्हते, आठ फुटी होते. आणि तेव्हा गोल्ड क्राउनचा जन्मही झालेला नव्हता. या खेळाच्या इतिहासातील सर्वांत थोर मानला गेलेला पराक्रम आजच्या शुद्धतावाद्यांच्या कोणत्याही निकषात न बसणाऱ्या टेबलावर झाला, आणि त्यामुळे मॉस्कोनीची थोरवी रतीभरही उणी झाली नाही.

दिवाणखान्याच्या आरोपाचा परामर्श मी थोडक्यात घेतो, कारण त्यात खोली कमी आणि तुच्छता अधिक आहे. अमेरिकेत शहरोशहरीचे मोठे हॉल बंद पडत गेले. जागेची भाडी वाढली आणि तरुणांच्या करमणुकी बदलल्या. ज्या कंपनीचे गिऱ्हाईक हॉलचा मालक होता, तिचे गिऱ्हाईक आता घरमालक झाले, आणि घरमालकाला आपल्या लाकडी जमिनीशी जुळणारी छटा हवी असेल तर ती देण्यात कोणता अधर्म आहे? हॉल बंद पडत होते तेव्हा तेथे जाऊन तासाचे पैसे मोजणारे लोक पुरेसे असते, तर ही पाळी आलीच नसती. इंग्रजी टेबलांच्या जगाकडे पाहा : तेथे लाकडी कुशनांऐवजी पोलादी ठोकळ्यांची कुशने आली, स्लेटखाली उष्णता देणारी यंत्रणा आली, आणि व्यावसायिक स्नूकरच्या मोठ्या स्पर्धा आज चीनमध्ये तयार होणाऱ्या स्टार या टेबलांवर खेळल्या जातात. खेळाडूंनी विचारले ते एवढेच की बॉल सरळ धावतो काय आणि कुशन चारी बाजूंनी सारखे बोलते काय. टेबलाच्या पायांना जुनी कातीव गोलाई राहिली नाही म्हणून कोणी अजिंक्यपदाची स्पर्धा तहकूब केल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडे या फिर्यादीस एक नवे कलम जोडले गेले आहे, ते मालकीचे. ब्रन्स्विक कॉर्पोरेशनने २०१९ साली आपल्या व्यायामसाधनांच्या शाखेसह बिलियर्ड्सचा धंदाही विकून टाकला, आणि २०२२च्या आरंभी तो एस्कलेड या कंपनीच्या ताब्यात आला. तेव्हापासून ज्याला जे खुपते ते सर्व नव्या मालकाच्या नावे लिहिण्याची रीत पडली आहे. पण ज्या आवृत्त्यांवर निस्तेजतेचा ठपका ठेवला जातो त्या साऱ्या, सहावीसुद्धा, जुन्या मालकीत आखल्या गेल्या आणि बाजारात आल्या. चौथ्या गोल्ड क्राउनचा राग बाविसाव्या सालच्या खरेदीखतावर काढणाऱ्याने निदान तारखांचा जमाखर्च तरी नीट मांडावा. नव्या मालकाची परीक्षा व्हावी, आणि ती कठोर व्हावी. परंतु ती त्याने केलेल्या कामावरून व्हावी.

आता या सर्वांत खरे काय आहे ते सांगतो, कारण प्रतिपक्षाच्या गाऱ्हाण्यात एक दाणा आहे, आणि तो त्यांनी स्वतःच कोंड्यात टाकून दिला आहे. पहिल्या गोल्ड क्राउनची खरी थोरवी ही की ते उघडता येत असे. साधी हत्यारे घेतलेला, काम जाणणारा मिस्त्री ते टेबल सुटे करी, पाय समतल करी, स्लेटचे सांधे पुन्हा बसवी, कडा काढून नवे रबर चिकटवी, आणि सारे पुन्हा जोडून देई. आणि हे साठ वर्षे, मालकामागून मालक, शहरामागून शहर चालू राहिले. ती टेबले जगली ती त्यांच्या सौंदर्यामुळे नव्हे. त्यांचे भाग मिळत राहिले, एका टेबलाचा कोपरा दुसऱ्यास बसत राहिला, आणि प्रत्येक बोल्टापर्यंत हात पोहोचत राहिला, म्हणून जगली. नव्या घडणीस विचारावयाचा प्रश्न हाच आहे. तिच्या कडेच्या लाकडाची मापे आणि कोन जाहीर केलेले आहेत काय? तिचे कोपरे, तिचे बोल्ट, तिच्या पन्हळीचे तुकडे तीस वर्षांनी मिळतील अशी हमी आहे काय? मागील आवृत्तीच्या धन्याला पुढील आवृत्तीचे रबर बसविता येईल, की प्रत्येक रोमन अंकाबरोबर जुना धनी वाऱ्यावर सोडला जाईल? आवृत्ती बदलताना जर मापे उगाच बदलली, आणि त्यामुळे सहज मिळणारा भाग दुर्मिळ झाला, तर तो मला अक्षम्य अपराध वाटेल, मग नव्या टेबलाचे कोपरे खुद्द १९६१च्या साच्यातून ओतलेले का असेनात.

स्पर्धेच्या बाजारपेठेने हे तत्त्व कंपनीपेक्षा आधी ओळखले. अमेरिकेतील मोठ्या स्पर्धांत डायमंड या कंपनीची टेबले येऊन बसली, पुढे रॅसनची आली, आणि खेळाडूंनी ती स्वीकारली ती पॉकेटांची शिस्त, कुशनांची एकसारखी चाल आणि प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलासारखेच वागेल ही खात्री यांच्या बळावर. त्यांपैकी कोणत्याही टेबलाने गोल्ड क्राउनच्या रूपाची उसनवारी केली नाही. पॉकेटे आणखी अरुंद करण्याच्या सध्याच्या हौसेविषयी माझे मत प्रतिकूल आहे, कारण साडेचार इंचांहूनही तोंड आवळत नेले की आक्रमक खेळी धोक्याची ठरते आणि खेळ भित्रा होतो. पण तो वाद निदान खेळाचा वाद आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी मोजपट्टी घेऊन बोलता येते. गोल्ड क्राउनच्या कैवाऱ्यांनी आपले मोठे ज्ञान आणि त्याहून मोठे प्रेम अशा वादात लावले असते, तर कंपनीला त्यांचे ऐकावेच लागले असते, कारण पडद्याच्या रंगावरील तक्रारीचे उत्तर विक्रेता हसून देतो, परंतु कुशन इंचाच्या कितव्या हिश्श्याने खाली बसले आहे हे दाखवून दिले तर त्याला कारखान्यात पत्र धाडावे लागते.

तेव्हा ज्यांना ही फिर्याद पुढे चालवावयाची असेल त्यांनी नव्या टेबलाचा पडदा उतरवावा, लेव्हलपट्टी स्लेटवर आडवी-उभी ठेवावी, बॉलशेजारी कुशनची धार मोजावी, सुट्या भागांची यादी आणि त्यांच्या पुरवठ्याची लेखी मुदत कंपनीकडून मागून घ्यावी, आणि त्यांत खोट निघाल्यास ती आकड्यांनिशी जाहीर करावी. त्या दिवशी मी त्यांच्या बाजूने साक्षीस उभा राहीन. तोवर, कोपऱ्यावरील धातूचे वळण बदलले एवढ्याच कारणावरून मांडलेला हा दावा खर्चासह काढून टाकण्यास पात्र आहे.